लोकप्रियता मोजतंय कोण?

पीएचपी मेली, ही बातमी मी गेली पंधरा वर्षं ऐकतो आहे. आधी ती रुबीने मारली, मग नोडने, मग पायथनने. दर वेळी जनाज्याच्या तयारीने जावं, तर मय्यत उठून कामाला गेलेली असते.

सॉफ्टवेअरच्या धंद्यातली ही जुनी भांडणं आहेत. लिनक्स की विंडोज सर्व्हर, अपाची की एनजिनएक्स, जावा की डॉटनेट. भांडण रंगात आलं की कुणीतरी एक तक्ता पुढे करतो. अमुक पहिल्या क्रमांकावर, तमुक घसरलं. तक्ता आला की समोरचा गप्प बसतो. मला या तक्त्यांबद्दलच बोलायचं आहे, कारण ते आता डेव्हलपरांपुरते उरलेले नाहीत. मालेगाव-भिवंडीतल्या क्लासच्या बोर्डांवर ते पोचले आहेत, आणि ते बोर्ड वाचून लोक घरातली शिल्लक फीमध्ये घालतात.

सर्व्हरचंच उदाहरण घेऊ. जगातल्या वेबसाइट कुठल्या सर्व्हरवर चालतात, याची मोजणी नेटक्राफ्ट ही ब्रिटिश कंपनी १९९५ पासून करते. पद्धत साधी आहे. प्रत्येक साइटचं दार ठोठवायचं आणि आतून जे नाव कळतं ते लिहून घ्यायचं. पहिल्या मोजणीत साऱ्या जगात १९ हजारांच्याही आत साइट सापडल्या होत्या. पुढच्याच वर्षी अपाची पहिल्या क्रमांकावर गेला आणि तिथेच ठाण मांडून बसला.

मग २००६ साली तक्ता अचानक हलला. एका महिन्यात अपाचीचा वाटा घसरला आणि मायक्रोसॉफ्टचा तेवढ्याच झपाट्याने वाढला. विंडोजवाल्यांना ईद झाली. झालं काय होतं? गो डॅडी ही डोमेन नावं विकणारी कंपनी. तिने आपल्याकडची ३५ लाखांहून अधिक नावं लिनक्सवरून विंडोजवर हलवली. यातली बहुतेक 'पार्क' केलेली होती. म्हणजे नाव विकत घेतलंय, साइट अजून बनलेलीच नाही. रिकाम्या प्लॉटवर मालकाच्या नावाची पाटी असावी, तसं. एका कंपनीने आपल्या गोदामातल्या पाट्या बदलल्या आणि जगभरच्या भांडणाचा निकाल फिरला.

नेटक्राफ्टने हे लपवलं नव्हतं, अहवालातच कारण दिलं होतं. लोकांनी आकडा उचलला आणि कारण तिथेच सोडून दिलं. जुलै २०१४ मध्ये तर एकूण नावांच्या मोजणीत मायक्रोसॉफ्ट अपाचीच्या पुढे गेलं. त्याच महिन्यात, त्याच अहवालात, खरोखर चालू असलेल्या साइटच्या रकान्यात अपाची खूपच पुढे होता. दोन्ही आकडे खरे होते. ज्याला जो सोयीचा, तो त्याने वापरला.

शिवाय दार ठोठावलं की कळतो तो दारावरचा माणूस. एनजिनएक्स पुष्कळ ठिकाणी पुढे उभा असतो आणि आतलं काम अपाची, जावा नाहीतर दुसरंच कुणीतरी करत असतं. मोजणीत नाव पुढच्याचं लागतं. एनजिनएक्सचं कर्तृत्व मी कमी लेखत नाही. इगोर सिसोयेव या रशियन माणसाने २००२ च्या सुमारास तो लिहायला घेतला तेव्हा एकाच वेळी हजारो लोक साइटवर आले तर काय करायचं, हा खरा प्रश्न होता. अपाचीची जुनी रीत म्हणजे हॉटेलात प्रत्येक टेबलाला एक वेटर. गर्दी झाली की वेटरांचीच दाटी. एनजिनएक्सने मोजकेच चपळ वेटर ठेवले आणि त्यांच्याकडून सगळी टेबलं सांभाळून घेतली. तो वाढला तो या कामामुळे. तक्त्यात त्याचं नाव वर दिसायला लागलं ते नंतर.

भाषांचे तक्तेही याच जातीचे. टिओबे नावाचा तक्ता शोधयंत्रांवर एखाद्या भाषेच्या नावाने किती पानं सापडतात ते बघतो. पानं जास्त म्हणजे नोकऱ्या जास्त, असं काही नसतं. स्टॅक ओव्हरफ्लो दरवर्षी डेव्हलपरांनाच विचारतं. उत्तर द्यायला कोण येतं? ज्याला इंग्रजी जमतं, वेळ आहे आणि असे फॉर्म भरायची हौस आहे तो. २०२२ मध्ये उत्तर देणाऱ्यांत दर शंभरात नव्वदहून अधिक पुरुष होते. त्या वर्षी सर्वांत 'लाडकी' भाषा होती रस्ट, आणि ती वापरणारे होते शंभरात नऊच्या आसपास. लाडकी असणं वेगळं, तिच्यावर घर चालणं वेगळं.

पीएचपीचं उलट आहे. रास्मुस लर्डोर्फने १९९४ मध्ये आपल्या घरगुती पानासाठी बनवलेल्या हत्यारांतून ती वाढली. दिसायला ओबडधोबड, नियमांत विसंगत. पण सर्व्हरवरची भाषा ओळखता येते अशा दर दहा साइटमधल्या सातांहून अधिक तिच्यावर चालतात. वर्डप्रेस तिच्यात आहे. विकिपीडिया, मराठीसकट, तिच्यात आहे. हा आकडाही मिठाच्या खड्यासोबतच घ्यावा, कारण या मोजणीत गल्लीतल्या मंडपवाल्याची साइट आणि विकिपीडिया यांना एकेकच मत असतं. तरी जी भाषा एवढी ओझी वाहते, तिला मेलेली म्हणायला काही लाज?

माझ्या मते या भांडणाखाली दुसरंच भांडण आहे. कुठल्या भाषेत लिहितोस यावरून तू कोण, हे ठरवायचं भांडण. सी प्लस प्लसवाला जावावाल्याकडे वरून बघतो, जावावाला पीएचपीवाल्याकडे, आणि पीएचपीवाल्याला वर्डप्रेसची थीम बदलणारा सापडतो. उतरंड रचायची आपली सवय कॉम्प्युटरसमोर बसूनही जात नाही. आम्हा मराठी मुसलमानांना ही नजर ओळखीची आहे. 'तुमचं मराठी छान आहे हो' हे कौतुक ज्याने ऐकलंय त्याला मी काय म्हणतो ते कळेल. जनगणनेत मातृभाषेच्या रकान्यात एकच नाव बसतं. उर्दू लिहिलं की माझं मराठी त्या रकान्यातून गेलं, मराठी लिहिलं की घरातली दखनी गेली. मोजणारा रकाने आधी आखतो, माणसं नंतर येतात.

तक्त्याच्या तळाशी असलेल्यांचं काय होतं, त्याचाही एक किस्सा आहे. एप्रिल २०२० मध्ये कोरोनाने लाखो अमेरिकन बेकार झाले. न्यू जर्सीच्या बेकारी भत्त्याच्या यंत्रणेवर अर्जांचा पूर आला आणि गव्हर्नर फिल मर्फी यांना जाहीर सांगावं लागलं की आम्हाला कोबोल जाणणारे स्वयंसेवक हवेत. कोबोल म्हणजे १९५९ साली आखलेली भाषा. कुठल्याही क्लासच्या बोर्डावर ती नसते. बेकार माणसाचा चेक मात्र तिच्यातून निघत होता.

क्लासच्या बोर्डावर सध्या असतं 'फुल स्टॅक', 'मर्न', 'डेटा सायन्स', आणि खाली 'शंभर टक्के प्लेसमेंट'. मागे मालेगावच्या एका मुलाचा फोन आला. वडील लूमवर. घरातला पहिला ग्रॅज्युएट. म्हणाला, "भाई, मी वर्षभर पीएचपी शिकलो. आता सगळे म्हणतात मर्न शिक, पीएचपी संपली. पुन्हा फी भरू का?" ही फी हप्त्याची होती, आणि धाकट्या बहिणीच्या ॲडमिशनच्या पैशातून जाणार होती.

मी त्याला भरू नकोस म्हणालो, आणि ते अजून म्हणतो. ब्राउझरकडून विनंती कशी येते, लॉगिन कसं टिकतं, दोन टेबलं जोडून माहिती कशी काढायची, लिनक्सवर फाइलला परवानगी कशी द्यायची, हे नोडमध्येही तेच आहे आणि पीएचपीमध्येही तेच. एक भाषा पक्की झालेल्याला दुसरी शिकायला काही महिने पुरतात, तेही घरी बसून, फुकट. जगाचे तक्ते सोड आणि नाशिक-पुण्याच्या नोकरीच्या जाहिराती उघड, म्हणालो. त्यातही फ्रेशरला बोलावणाऱ्याच मोज. महिनाभर वहीत लिही. तो तक्ता तुझ्या कामाचा. आणि क्लासवाल्याकडे गेल्या बॅचच्या पाच मुलांचे नंबर माग. (नंबर मागितल्यावर काय झालं ते इथे लिहीत नाही.)

सध्या तो एका शाळेची साइट बनवतोय, मराठी आणि उर्दू दोन्हींत, पीएचपीमध्येच. परवा अडला होता. निकालाच्या यादीत लांब नावं छोटी करताना शेवटच्या अक्षराच्या जागी चौकोन येत होते. कारण साधं आहे. पीएचपीची नेहमीची आज्ञा अक्षरं मोजत नाही, बाइट मोजते, आणि युनिकोडच्या रूढ साठवणीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, उर्दूचं दोन. 'अम्मी' हा शब्द पीएचपीला पंधरा वाटतो, पायथनला पाच, आणि आपण वाचतो ती अक्षरं दोन. पीएचपीत यासाठी वेगळ्या आज्ञा आहेत, त्या त्याला सांगितल्या. मराठी नावं आता नीट कापली जातात. उर्दूचं पान उजवीकडून डावीकडे बसवायचं राहिलंय, त्यातले आकडे अजून भलत्याच बाजूला जाताहेत. रविवारी बसणार आहोत.