ढगांचा अभ्यास घाटाखालीही हवा



ढगांत विमाने उडवणे ही पैशांची उधळपट्टी आहे, हे आपल्या अंकातील एका पत्रलेखकाचे मत पटले नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २००९ पासून ‘कायपीक्स’ प्रयोगात विमानातून ढगांतले थेंब आणि धूलिकण मोजले. अशा मोजणीविना पावसाचे अंदाज सुधारणार कसे? महाबळेश्वरला संस्थेची ढगांची प्रयोगशाळा २०१२ पासून आहे. पण पावसाळी ढग तिथे पोहोचण्याआधी आमच्या महाड-पोलादपूरच्या डोंगरांवर कोसळतात. अशाच पावसात २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावात दरडीने ८० हून अधिक बळी घेतले. तेव्हा संशोधन थांबवा म्हणण्याऐवजी घाटाच्या कोकण बाजूलाही ढगांचा अभ्यास आणि पर्जन्यमापकांचे दाट जाळे हवे, अशी मागणी आपण सर्वांनी करावी.

– एक वाचक, पोलादपूर