शेळीचे कातडे आणि निर्यातीचा हिशेब

कच्चा माल बाहेर पाठवणारा देश दरिद्री राहतो आणि पक्का माल पाठवणारा संपन्न होतो, हा सिद्धांत मराठी अर्थविचारात इतका रुळला आहे की त्याची शहानिशा करण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. परक्या कारखान्यांसाठी कच्चा माल पिकवणारा मळा अशी या देशाची झालेली अवस्था न्यायमूर्ती रानडे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडली होती, आणि त्या काळापुरते ते निदान अचूक होते. चामड्याच्या व्यापाराला हा सिद्धांत लावणारे मात्र त्यातून आणखी दोन अनुमाने काढतात. पहिले असे की, कच्च्या कातड्यांची निर्यात थांबल्यामुळे कातड्याचे मोल देशात राहिले आणि सर्वांचेच भले झाले; दुसरे असे की, जेथे जनावरे आहेत तेथेच कातडी कमावण्याचा कारखाना काढला म्हणजे निर्यातीचा पैसा तेथे येईल. अहिल्यानगर जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला असलेल्या जामखेडसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात, जेथे शेती पावसावर आणि अडीनडीचा पैसा शेळी-मेंढीवर अवलंबून असतो, या अनुमानांची परीक्षा घेतली तर दोन्ही जशीच्या तशी टिकत नाहीत.

पूर्वपक्षाचे बळ आधी मान्य केले पाहिजे. सोललेले कातडे काही तासांतच कुजू लागते. त्यातील तंतूंत झाडाच्या सालीचा तुरट अर्क किंवा क्रोमियमचे क्षार मुरवून त्याचे न कुजणारे, लवचीक चामडे करणे म्हणजे कातडे कमावणे. अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झ याने १८८४ साली क्रोमियमने कमावण्याचे पेटंट घेतल्यावर फिलाडेल्फियाच्या कारखान्यांत बुटांसाठी मऊ, तकतकीत चामडे होऊ लागले, आणि त्यासाठी लागणारी शेळ्यांची कच्ची कातडी हिंदुस्थानातून जाऊ लागली. गुरांच्या कातड्यांची निर्यात तर दुष्काळात वाढे, कारण चाऱ्यावाचून मेलेल्या बैलाचे कातडे तेवढे विकण्यासारखे उरे. म्हणजे निर्यातीचा चढता आकडा हा रयतेच्या नाशाचाच आकडा होता. सरकारने १९१९ मध्ये कच्च्या कातड्यांवर १५ टक्के निर्यात-जकात बसवली खरी, पण ब्रिटिश साम्राज्यातच कमावल्या जाणाऱ्या मालाला १० टक्क्यांची सूट ठेवून तिची धार बोथट केली आणि १९२३ मध्ये ती ५ टक्क्यांवर आणली. खरा फेरबदल सीतारामय्या समितीच्या १९७२ च्या शिफारशींनंतर झाला. कच्ची कातडी बाहेर जाणे थांबले, अर्धवट कमावलेल्या मालावर कोट्याचे बंधन आले आणि तयार मालाला उत्तेजन मिळाले. चामडे, चामड्याच्या वस्तू आणि पादत्राणे यांची भारताची निर्यात २०२३-२४ मध्ये सुमारे ४७० कोटी डॉलरपर्यंत पोहोचली असून तीत नुसत्या तयार चामड्याचा वाटा दहाव्या हिश्श्याच्या आसपास होता; बाकीचे मोल मुख्यतः बूट, पिशव्या, पाकिटे आणि कपडे यांचे होते. धोरणाने जे साधायचे ठरवले होते ते बऱ्याच अंशी साधले, हे नाकारता येत नाही.

या यशाची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. निर्यातबंदी म्हणजे गिऱ्हाइकांतून परदेशी गिऱ्हाईक वजा करणे. विकणारे तितकेच राहून घेणारे घटले की भाव उतरतो, आणि उतरलेल्या भावाचा फायदा राणीपेट, कानपूर, कोलकाता येथील कमावणाऱ्याला मिळतो. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली तेव्हा नगर-नाशिकच्या शेतकऱ्याला हा न्याय समजावून सांगावा लागला नाही. कातड्याच्या बाबतीत तोच न्याय पन्नास वर्षे लागू असूनही त्यासाठी कोणी रस्ता अडवला नाही, कारण शेळी पाळणाऱ्याला आपण कातडेही विकत आहोत याची जाणीवच नसते. खाटीक जिवंत शेळी घेतो आणि कातड्याची किंमत तिच्या भावात कुठेतरी विरघळलेली असते. बकरी ईदला दान म्हणून मिळणाऱ्या कातड्यांवर ज्या मदरशांचा काही खर्च भागत असे, त्यांना गेल्या दशकात तो भाव कोसळताना उघड दिसला. त्या घसरणीला कृत्रिम चामड्याचा प्रसारही कारण आहे, सारा दोष धोरणाचा नाही. पण पडत्या बाजारात परदेशी गिऱ्हाइकाची वाट बंद असणे विकणाऱ्याच्या हिताचे होते, असे कोणी म्हणू शकणार नाही.

यावर खुल्या व्यापाराचे समर्थक म्हणतील की मग बंदी उठवावी. हे उत्तरही अपुरे आहे. केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ‘वेट ब्लू’, म्हणजे क्रोमियमने कमावलेले पण अजून ओले व निळसर असलेले चामडे, याच्या आयातीवरील शुल्क माफ झाले आणि ‘क्रस्ट’, म्हणजे कमावून वाळवलेले पण अखेरचे संस्कार न झालेले चामडे, याच्या निर्यातीवरील २० टक्के शुल्कही गेले. कारखान्यांना बाहेरचे चामडे आणावेसे वाटते आणि गावची कातडी मातीमोल जातात, या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतील तर अडचण दाराची नसून मालाच्या गुणाची आहे.

राहिले दुसरे अनुमान. एक किलो कच्चे कातडे कमावण्यास साधारण ३० ते ४० लिटर पाणी लागते, आणि तेवढे पाणी चुना, मीठ, गंधकाचे क्षार व क्रोमियम घेऊन बाहेर पडते. तमिळनाडूत पालार नदीच्या खोऱ्याचे याने काय झाले ते सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालात नोंदलेले आहे. ज्या तालुक्यात उन्हाळ्यात माणसांसाठी टँकर फिरतात, तेथे विंचरणेच्या किंवा सीनेच्या काठी असा कारखाना मागणे म्हणजे निर्यातीच्या नावाखाली पाणीच निर्यात करणे होय. तरवड आणि बाभूळ येथे माळावर आपोआप येतात, म्हणून जुनी सालीची पद्धत पुन्हा सुरू करावी, असाही एक पक्ष आहे. वर्ध्याजवळ नालवाडीच्या चर्मालयात गोपाळराव वाळुंजकरांनी त्या मार्गाचा प्रयोग निष्ठेने केला होता. परंतु गावच्या कमावणाऱ्याचे आश्रयदाते निर्यातदार नव्हतेच; त्याचे खरे गिऱ्हाईक म्हणजे विहिरीवरची चामड्याची मोट, तिची सोंड आणि वाद्या. इंजिन व विजेचा पंप आल्यावर ते गिऱ्हाईक गेले, ते सालीबरोबर परत येणार नाही. शिवाय मेलेले जनावर ओढणे महारांवर, कमावणे ढोरांवर, जोडा शिवणे चांभारांवर अशी जी वाटणी गावाने लादली होती, तिचे ओझे बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीने नाकारले, आणि महाडच्या १९२७ च्या परिषदेनंतर तो नकार गावोगाव पोहोचला. त्या कामाला ग्रामोद्योगाचे गोड नाव देऊन ते पुन्हा त्याच घरांकडे सोपवण्याची सूचना, ती कितीही सद्भावनेची असो, फेटाळण्यासारखीच आहे.

कातडे जेथले तेथेच मोल, हे समीकरणही अनुभवाला धरून नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटकातील आठ जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानमध्ये तिच्यासारखी पादत्राणे श्रेय न देता दाखवली, त्यावर गदारोळ झाला आणि डिसेंबरमध्ये कंपनीने दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. त्या चपलांचे बरेचसे चामडे चेन्नईकडून येते. मोल चढले ते कारागिराच्या हाताला आणि नावाला.

म्हणून जामखेडने मागायचे ते कमावण्याच्या आधीचे आणि नंतरचे काम. नंतरचे काम शिवणाचे. त्याला पाणी लागत नाही, हात लागतात. पण अधिक दुर्लक्षित आहे ते आधीचे. शेळीचे कातडे बिघडते ते प्रथम जिवंतपणी, गोचिडांनी, देवीच्या व्रणांनी, वेड्या बाभळीच्या काट्यांनी. मग सोलताना, सुरीचा काप गेल्याने. आणि शेवटी मीठ उशिरा किंवा कमी लावल्याने. कातड्याच्या वजनाच्या ४० ते ५० टक्के मीठ पहिल्या काही तासांत चोळावे लागते, सुरीऐवजी मुठीच्या दाबाने कातडे मोकळे करावे लागते, आणि शेळ्यांना देवीची लस वेळेवर द्यावी लागते. यांतले एकही काम भांडवली नाही. नगरपरिषदेच्या कत्तलखान्याला जोडून मीठ लावण्याची एक सावलीची खोली आणि प्रतवारी करणारा एक जाणकार माणूस, एवढ्याने आरंभ होऊ शकतो. प्रतवारीशिवाय बाकीचे सारे व्यर्थ आहे, कारण जोवर कातडे नगावर विकले जाते आणि अखंड कातड्याला व चिरलेल्या कातड्याला एकच दर मिळतो, तोवर खाटकाने मिठाचा खर्च स्वतःच्या गल्ल्यातून करावा आणि हातही जपून चालवावा, असे त्याला सांगण्याचा अधिकार चेन्नईच्या कारखानदाराला नाही आणि दिल्लीच्या धोरणकर्त्यालाही नाही.