माणूस कापला, यंत्र ठेवलं

जानेवारी २०२४ मध्ये हवामान खात्याचं एक पत्र निघालं आणि देशभरातल्या कृषी विज्ञान केंद्रांमध्ये चालणारी १९९ जिल्हा कृषी हवामान केंद्रं आर्थिक वर्ष संपताच बंद करण्याचा हुकूम सुटला. जेमतेम पाच महिन्यांपूर्वी, ऑगस्ट २०२३ मध्ये, १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट या देशाने काढला होता. मराठवाड्यात ऐन शेंगा धरण्याच्या वेळी सोयाबीनने माना टाकल्या होत्या. त्या खरिपाची उधारी फिटायच्या आत सरकारने शेतकऱ्याला हवामान समजावून सांगणारा माणूसच कमी केला. याला काटकसर म्हणायला मी तयार नाही. हा दगा आहे, आणि तो फाटक्या खिशाच्या माणसाला दिलेला आहे.

ही केंद्रं म्हणजे मोठा डोलारा नव्हता. २०१८ नंतर ती टप्प्याटप्प्याने उभी राहिली. प्रत्येक ठिकाणी एक कृषी हवामान तज्ज्ञ आणि एक निरीक्षक, एवढीच माणसं, तीही कंत्राटी. दर मंगळवारी आणि शुक्रवारी पुढच्या पाच दिवसांचा अंदाज यायचा: पाऊस, कमाल-किमान तापमान, आर्द्रता, ढग, वाऱ्याचा वेग आणि दिशा. हे आकडे कोरडे असतात. त्यांचं शेतात काय करायचं, हे त्या तज्ज्ञाने सांगायचं. कपाशी पात्यावर आहे की बोंडं फुटलीत? तूर फुलोऱ्यात आली का? वारा असा असेल तर औषध पिकावर बसेल की फवारणाऱ्याच्या नाकातोंडात जाईल? हे सगळं जुळवून तालुक्याला लागू पडेल असा मराठीतला सल्ला तयार व्हायचा आणि व्हॉट्सॲपच्या गटांतून गावोगाव पोचायचा.

माझा मावसभाऊ मराठवाड्यात हळद करतो. हळद काढली, बॉयलरमध्ये शिजवली, की ती खळ्यावर पसरून दहा-पंधरा दिवस उन्हात कडक वाळवावी लागते. तेव्हा कुठे ती पॉलिशला जाते. फेब्रुवारी-मार्चचे हे दिवस म्हणजे वर्षभराची कमाई उघड्यावर पडलेली असते. त्यात अवकाळीची एक सर आली तरी रंग उतरतो, बुरशी धरते, आणि बाजारात व्यापारी मूठभर हळद हातात घेऊन नुसती मान हलवतो. सगळी हळद गोळा करून ताडपत्रीखाली घालायची तर घरची माणसं पुरत नाहीत, मजूर सांगावे लागतात, आणि ते आदल्या दिवशीच सांगावे लागतात. अलीकडे त्याच्या फोनवर इशारा येतो तो सबंध जिल्ह्याला मिळून एक: तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पावसाची शक्यता. मागे मी गेलो तेव्हा त्याने तो मला दाखवला आणि म्हणाला, "दादा, आमच्या शिवारात का शेजारच्या, हे सांगणारं कुणी हाय का आता?" मला उत्तर देता आलं नाही.

जिल्हा हे एकक शेतीला किती निरुपयोगी आहे, हे पाहायला नाशिक पुरे. इगतपुरीत पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. त्याच जिल्ह्यातल्या मालेगावाकडे पाचशेच्या आसपास पडला तरी लोक समाधान मानतात. एकीकडे भाताची आवणी चाललेली असते तेव्हा दुसरीकडे बाजरीला पाणी नसतं. जिल्हा केंद्रांचा जन्मच तालुक्यापर्यंत उतरण्यासाठी झाला होता. त्यांच्या आधीपासूनची कृषी हवामान केंद्रं देशात १३० आहेत, मुख्यतः कृषी विद्यापीठांकडे. ती कृषी हवामान विभागानुसार वाटलेली आहेत आणि त्यांच्या एकेकाच्या पदरी कितीतरी जिल्हे येतात. सगळा भार पुन्हा त्यांच्यावर टाकून सरकार मोकळं झालं.

आणि कारण काय दिलं? माहिती अधिकारात बाहेर आलेली कागदपत्रं 'द हिंदू'ने २०२४ मध्ये छापली. नीती आयोगाकडून मांडलेला मुद्दा असा, की हवामानाच्या नोंदी आता आपोआप होतात, तेव्हा एवढ्या माणसांची गरज उरलेली नाही. आणि ही सेवा फुकट न देता पैसे घेऊन द्यावी. मापन आपोआप होतं, हे खरं. पण मापन हे या माणसांचं मुख्य काम कधीच नव्हतं. सल्ला लिहिणं हे काम होतं, आणि ते तापमापक करत नाही. ज्यांना हा फरक माहीत नाही त्यांनी निर्णयाच्या टेबलावर बसू नये. ज्यांना माहीत होता त्यांनी तो दडवला असेल, तर तो त्याहून मोठा गुन्हा आहे. ज्या नीती आयोगाने नंदुरबार आणि गडचिरोली 'आकांक्षित' ठरवून विकासाचे तक्ते रंगवले, त्याच आयोगाला तिथल्या कोरडवाहू शेतकऱ्याकडून पावसाच्या बातमीचे पैसे घ्यावेसे वाटावेत, याची मला चीड येते.

पैसे नव्हते, असं तर कुणी बोलूच नये. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 'मिशन मौसम'साठी दोन वर्षांना दोन हजार कोटी रुपये मंजूर केले. त्याच महिन्यात पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या 'अर्क' आणि नोएडातल्या 'अरुणिका' या महासंगणकांचं उद्घाटन झालं. दोन्हींचा मिळून खर्च ८५० कोटी. मे २०२५ मध्ये सहा किलोमीटरच्या चौकटीपर्यंत अंदाज देणारी नवी प्रणाली आली. हे काम अभिमानाचं आहे. पाषाणच्या त्या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं खपून ते केलं आहे, आणि त्यांच्या कामाला एक रुपयाही कमी पडू नये. माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. सहा किलोमीटरपर्यंत अचूक झालेला अंदाज शेवटच्या सहा किलोमीटरमध्ये कुणी पोचवायचा? धरण बांधून पाटाचे पैसे वाचवल्यासारखा हा कारभार आहे.

हवामानाच्या नावाने पैसा गोळा करायचा आणि हवामानावर खर्चताना हात आखडायचा, ही खोड जुनी आहे. २०१० मध्ये कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर बसला, स्वच्छ ऊर्जेसाठी म्हणून. २०१६ पर्यंत तो ४०० रुपयांवर गेला. २०१७-१८ पर्यंत त्यातून ८६ हजार कोटींवर रक्कम जमली. तिच्यातली स्वच्छ ऊर्जा निधीत गेली ती ३० हजार कोटींच्याही आत. पुढे हा उपकर जीएसटीच्या भरपाईत विरघळला. २०१५ मध्ये राष्ट्रीय हवामान बदल अनुकूलन निधी आला, तोही पहिल्या दोन वर्षांच्या ३५० कोटींनंतर दरवर्षी रोडावत गेला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये 'योजना' या सदरातूनच काढला गेला. हे सगळं एकाच सरकारचं पाप नाही. पण आता जे सत्तेत आहेत, उत्तर त्यांनी द्यायचं आहे.

न खर्चलेल्या पैशाचं बिल पुढे येतंच. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात आणि सोलापूर भागात नद्यांनी पात्रं सोडली. राज्य सरकारच्याच आकड्यांनुसार ६८ लाखांहून अधिक हेक्टरवरचं पीक गेलं, आणि ऑक्टोबरमध्ये ३१ हजार ६२८ कोटींचं पॅकेज जाहीर करावं लागलं. कुठलाही सल्ला सिंदफणेचा पूर अडवू शकला नसता, तसा दावा मी करणार नाही. खरडून गेलेली माती व्हॉट्सॲपच्या संदेशाने परत येत नाही. पण काढणीला आलेलं सोयाबीन दोन दिवस आधी उचलता येतं, जनावरं उंचावर हलवता येतात, फवारणीचा आणि खताचा खर्च वाचवता येतो. या छोट्या बचतींवर कोरडवाहू घर तरतं. राष्ट्रीय उपयोजित अर्थसंशोधन परिषदेने २०२० मध्ये पृथ्वीविज्ञान मंत्रालयासाठीच अभ्यास केला होता. मान्सून अभियान आणि त्याच्या संगणकांवर घातलेल्या सुमारे एक हजार कोटींतून पाच वर्षांत ५० हजार कोटींचा लाभ होईल, असा त्यांचा हिशेब. शेतकऱ्याने अंदाज ऐकून पेरणी, काढणी, फवारणी बदलली, तरच हा लाभ होतो. तो अंदाज त्याच्यापर्यंत नेणाऱ्या चारशेच्या आतल्या माणसांचे पगार मात्र मंत्रालयाला जड झाले.

कुणी सांगतं, मेघदूत ॲप आहे की. आहे, आणि चांगलंही आहे. पण त्या ॲपमध्ये दिसणारा पिकाचा सल्ला कुणीतरी लिहिलेला असतो. लिहिणारे काढलेत तर त्यात तालुक्याच्या कामाचं काय येणार? खासगी कंपन्या ही सेवा देतील, हेही ऐकलं. देतील, द्राक्षबागाईतदाराला. निर्यातीच्या बागेवर लाखो रुपये लावलेला माणूस सल्ल्याचे पैसे भरतो आणि त्याला ते परवडतात. धडगावच्या डोंगरउतारावर भगर आणि ज्वारी पेरणाऱ्याकडे कोणती कंपनी जाणार?

केंद्रं पुन्हा सुरू होणार, अशी भाषा मध्यंतरी ऐकू आली. ती पुन्हा कंत्राटावर आली तर मला नकोत. दर वर्षाअखेरीला नोकरी टिकेल का या धास्तीत बसलेला तज्ज्ञ गावाशी नातं जोडू शकत नाही, आणि इथे सगळं काम त्या नात्यावर चालतं. पदं कायम हवीत, त्यांची तरतूद अर्थसंकल्पात स्वतंत्र ओळीत दिसायला हवी, म्हणजे कुणी कापली तर ते सगळ्यांना दिसेल. दिल्लीची वाट पाहत बसण्याचंही कारण नाही. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठं महाराष्ट्राकडे आहेत, महसूल मंडळांत 'महावेध'ची स्वयंचलित यंत्रं उभी आहेत, कृषी हवामानशास्त्र शिकलेली मुलं स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांमध्ये बसली आहेत. ज्या राज्याने एका पावसाळ्यानंतर ३१ हजार कोटींचा आकडा जाहीर केला, त्याने येत्या पुरवणी मागण्यांमध्ये प्रत्येक जिल्ह्याला दोन माणसांचे पगार मांडावेत. आणि आपल्या मतदारसंघाचा आमदार त्या दिवशी सभागृहात होता का, हे शेतकऱ्याने विचारावं.