जबाबदारी दिली, मग आवाजही द्या

मुलगा तेरा वर्षांचा झाला की ज्यू घरांत त्याचा ‘बार मिट्झ्वा’ होतो. सिनेगॉगमध्ये सगळ्यांसमोर उभं राहून तो तोराह या धर्मग्रंथाचा नेमलेला भाग हिब्रूत वाचतो. यापुढे धर्माज्ञा पाळण्याची जबाबदारी त्याची स्वतःची. गंमत म्हणजे, पोराच्या बऱ्यावाईटाचा भार आपल्यावरून उतरला म्हणून वडीलही देवाचे आभार मानतात! आपल्याकडच्या मुंजीची आठवण व्हावी, असाच हा सोहळा.

आणि मुलगी? धर्मशास्त्राप्रमाणे ती बाराव्या वर्षीच जबाबदार होते, म्हणजे मुलाच्याही आधी. पण शतकानुशतकं तिच्या वाट्याला जबाबदारी आली, चारचौघांत वाचण्याचा मान नाही. ओळखीचं वाटतं ना, मैत्रिणींनो?

१८ मार्च १९२२ रोजी न्यूयॉर्कमध्ये ज्युडिथ कॅप्लान या बारा वर्षांच्या मुलीने सिनेगॉगमध्ये वाचन केलं. तिचे वडील मॉर्डेकाय कॅप्लान हे रबाय, म्हणजे धर्मगुरू. तरीही तिने वाचलं ते छापील पुस्तकातून, मूळ गुंडाळीतून नव्हे. अमेरिकेतला हा पहिला जाहीर ‘बात मिट्झ्वा’ मानला जातो. आज सुधारणावादी सिनेगॉगमध्ये मुली गुंडाळीतूनच वाचतात. सनातनी पंथात पुरुषांसमोर वाचण्याची मुभा सहसा नसते. लहानपणी संधी हुकलेल्या कित्येक बायका पन्नाशी-साठीत हिब्रू शिकून आपला बात मिट्झ्वा करतात. खुद्द ज्युडिथबाईंनी तो १९९२ मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी, पुन्हा केला.

हे फार लांबचं समजू नका. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणात ‘शनिवार तेली’ म्हटले गेलेले बेने इस्रायल हे मराठी बोलणारे ज्यूच. मुंबईत १९२५ मध्ये ‘ज्युईश रिलिजियस युनियन’ ही सुधारणावादी संस्था उभी राहिली, तिच्यामागे पुढाकार होता याच समाजातल्या एका स्त्रीचा, डॉ. जेरुशा झिराड यांचा.

आता प्रश्न पुढच्या पिढीचा आहे. अमेरिकेत या सोहळ्याला लग्नासारखं रूप आलं आहे. हॉल, डीजे, जेवणावळी! आणि पार्टी संपली की बरीच मुलं धर्माच्या अभ्यासाकडे पाठ फिरवतात. म्हणून काही ठिकाणी मुलांनी वर्षभर एखादं समाजोपयोगी काम करावं, असा आग्रह धरला जातो. ते चांगलंच.

पण मला विचाराल, तर या विधीचा खरा जीव वाचनानंतरच्या छोट्या भाषणात आहे. वाचलेल्या भागाचा अर्थ मूल स्वतः सांगतं, त्याला प्रश्नही विचारतं. अब्राहम मुलाचा बळी द्यायला निघाला, तेव्हा त्या मुलाच्या आईला, साराला, कुणी विचारलं होतं का? असं एखादी बारा वर्षांची मुलगी भर सभेत विचारू शकते आणि मोठ्यांना ते ऐकून घ्यावं लागतं. डामडौल गेला तरी चालेल, हे भाषण टिकायला हवं. आणि ते मुलीलाही, मुलाइतक्याच मानाने, करता यायला हवं.

आपल्या घरी मुलगी वयात आली की ‘हे करू नको, तिथे जाऊ नको’ची यादी तयारच असते. त्या यादीआधी एकदा तिला समोर बसवा, तिचं म्हणणं विचारा. आणि ती बोलत असताना मध्ये बोलू नका.