सोनेरी घुमटाचा अपराध कोणता?

बर्लिनच्या ओरानियनबुर्गर रस्त्यावरील ‘नव्या सिनॅगॉग’चा इतिहास सांगताना कित्येक टीकाकार एक ठरीव तात्पर्य काढतात : सुधारक यहुद्यांनी जर्मनांचे अनुकरण केले आणि जर्मनांनीच त्यांचा नाश केला; सबब सुधारणेचा मार्गच मुळात चुकला. हा युक्तिवाद आम्हांस चुकीचा तर वाटतोच, पण निर्दयही वाटतो. घर जळाले म्हणून ते बांधणाऱ्याच्या अभिरुचीची झडती घ्यावी, हा कोठला न्याय?

अनुकरण तरी कितीसे होते? १८६६ साली हे प्रार्थनामंदिर उघडले, तेव्हा खुद्द बिस्मार्क समारंभास हजर होता. सुमारे ३,२०० माणसे बसतील एवढी जागा, आणि वर सुमारे पन्नास मीटर उंचीचा सोनेरी घुमट. वास्तुशिल्पी एडुआर्ड क्नोब्लाउख याने वळण गिरवले ते ग्रानाडाच्या अल्हाम्ब्रा राजवाड्याचे, शेजारच्या चर्चचे नव्हे. ज्याला आपली ओळख लपवावयाची असते, तो असला घुमट भर रस्त्यावर उभारील काय? ऑर्गन मात्र आला, हे खरे. त्यावरून आणि इतर सुधारणांवरून वाद पेटला व १८६९ साली सनातन्यांनी ‘अदास यिस्रोएल’ ही वेगळी मंडळी स्थापली. शब्बाथच्या दिवशी वाद्यवादन निषिद्ध, हा त्यांचा आक्षेप सशास्त्र होता. त्याची थट्टा आम्ही करणार नाही.

पण तो घरातला वाद होता. मारेकऱ्यांना त्याच्याशी कर्तव्य नव्हते. ‘अदास यिस्रोएल’ही नाझींनी १९३९ साली मोडून काढली; ऑर्गन न वाजविल्याने ती वाचली नाही! उलट याच उदारमतवादी परंपरेतून बर्लिनच्या रेजिना योनास १९३५ साली रब्बी झाल्या, रीतसर दीक्षा मिळालेली पहिलीच स्त्री. १९४४ साली आउश्विट्झमध्ये त्यांची हत्या झाली. त्यांचा अधिकार खोटा होता, हे त्या हत्येने सिद्ध होते काय?

वास्तूची कहाणीही तात्पर्यवाल्यांच्या सोयीची नाही. नोव्हेंबर १९३८ मध्ये लावलेली आग एका पोलीस अधिकाऱ्याने दंगेखोरांना हुसकून विझविण्यास लावली. १९४३ साली पडले ते दोस्तराष्ट्रांचे बाँब, आणि मुख्य सभागृहाचे अवशेष १९५८ साली पाडले ते पूर्व जर्मनीच्या कारकीर्दीत. दर्शनी भाग व घुमट दुरुस्त होऊन १९९५ साली वास्तू पुन्हा उघडली. सभागृहाच्या जागी आज मोकळे पटांगण आहे. प्रार्थना चालते ती वरच्या एका लहान दालनात, स्त्रिया व पुरुष एकत्र बसून.