प्रयोगवही : पाच मिनिटांचं काम



या सदरात मी एरवी विरजण, हळदीचे डाग, पापडखार असल्या घरगुती रसायनांबद्दल लिहिते. या वेळी बाटल्या बाजूला ठेवल्या आहेत. विषय आहे एका बिलाचा. गेल्या गणेशोत्सवानंतर ते आपल्या मंडळाला आलं. रक्कम २५० डॉलर्स. कार्यकारिणीच्या बैठकीत ते वाचून दाखवलं तेव्हा क्षणभर कोणी बोललं नाही आणि मग सगळे एकदम बोलले. "मंडळाला बिल?" हे पहिल्यांदा कोण म्हणालं ते सांगायला लाज वाटते. मीच म्हणाले.

बिल आपल्यातल्याच एका ताईंचं होतं. त्या मुंबईच्या जे. जे. उपयोजित कला महाविद्यालयात शिकल्या, तिथेच जाहिरात संस्थेत नोकरी केली आणि २०१७ साली यजमानांच्या मागोमाग न्यू जर्सीत आल्या. हातात एच-४ व्हिसा. पुढची सहा वर्षं त्यांनी आपली पत्रकं, संक्रांतीची आमंत्रणं, नाटकांचे फलक हौसेनं आणि विनामूल्य करून दिले. २०२३ साली त्यांचं काम करण्याचं परवानापत्र आलं. त्या स्वतंत्रपणे ग्राफिक आणि वेब डिझाइनची कामं घेऊ लागल्या. आपण मात्र त्यांना पूर्वीसारखाच फोन करत राहिलो : "ताई, पाच मिनिटांचं काम आहे हो!"

मी प्रयोगशाळेत काम करणारी बाई. भावना बाजूला ठेवून मोजमाप करायचं ही सवय. म्हणून मी ताईंकडे गेले, चहा घेतला आणि त्या पाच मिनिटांचा हिशेब मागितला. त्यांनी वही काढली. माझ्या प्रयोगवहीहून ती नीटनेटकी होती. उत्सवाचं एक पत्रक, त्याची तीन रूपं : छापण्यासाठी, व्हॉट्सॲपसाठी आणि मंडळाच्या संकेतस्थळासाठी. दुरुस्त्या सात वेळा, त्यातल्या दोन सभागृह बदललं म्हणून आणि एक "गणपती जरा मोठा करा" म्हणून. एकूण अकरा तास.

यावर दर काय असावा? हे गणित कोणत्याही स्वतंत्र कारागिराला उपयोगी पडेल म्हणून सविस्तर देते. समजा, वर्षाला ४०,००० डॉलर्स मिळावेत अशी अपेक्षा आहे. संगणक, सॉफ्टवेअरची वर्गणी, फॉन्टचे परवाने, विमा वगैरे खर्च ६,००० धरा. झाले ४६,०००. आता तास. आठवड्याला चाळीस तास काम केलं तरी त्यातले निम्मेच विकले जातात. उरलेला वेळ ग्राहक शोधणं, भाव सांगणं, बिलं करणं, पैशांसाठी फोन करणं यात जातो. आठवड्याला वीस तास, वर्षाचे ४६ आठवडे, म्हणजे ९२० तास. भागाकार केला की तासाला ५० डॉलर्स. कर यातूनच द्यायचा. या दरानं आपल्या पत्रकाचे ५५० झाले असते. ताईंनी २५० लावले होते. निम्म्याहून अधिक सूट आधीच दिली होती आणि आपण भुवया उंचावून बसलो होतो!

ताईंना मी विचारलं, "या धंद्यात सगळ्यात अवघड काय? चित्र?" त्या हसल्या. "चित्र काढायला शिकवलं होतं हो. बाकीचं कोणी शिकवलं नाही." ते बाकीचं काय, ते त्यांच्याकडून ऐकून आणि स्वतः पडताळून इथे लिहिते. आपल्या अनेक घरांत अशी कला आणि अशी अडचण दोन्ही आहेत.

पहिली गोष्ट परवान्याची. २६ मे २०१५ पासून काही एच-४ जोडीदारांना काम करण्याचा परवाना मिळू शकतो. साधारणपणे एच-१बी धारकाची आय-१४० याचिका मंजूर झालेली असावी लागते. या परवान्यावर स्वतःचा व्यवसायही चालतो. मात्र नूतनीकरणाचा अर्ज ३० ऑक्टोबर २०२५ रोजी किंवा नंतर केला असेल तर जुन्या कार्डाला पूर्वीसारखी आपोआप मुदतवाढ मिळत नाही. तेव्हा अर्ज वेळेत करा आणि कार्ड संपलं की काम थांबवा. परवाना नसताना "पैसे नकोत, वाणसामान द्या" हाही मोबदलाच ठरतो. काम इथे बसून करायचं आणि रुपये पुण्याच्या खात्यात घ्यायचे, ही पळवाटही वकील मंडळी धोक्याची मानतात. एच-१बी वर असणाऱ्यांनी सुट्टीच्या दिवशी संकेतस्थळं करून पैसे घेणं हेही नियमात बसत नाही. चारशे डॉलर्ससाठी ग्रीन कार्डाची रांग पणाला लावू नका. शंका असेल तर वकिलाची एक भेट घ्या, ती स्वस्त पडते.

दुसरी गोष्ट कागदाची. ताईंचं पहिलं मोठं काम एका दुकानाचं होतं : बोधचिन्ह, पाटी आणि संकेतस्थळ. सगळं तोंडी ठरलं. काम संपल्यावर अर्धे पैसे आले, मग दिवाळीचा फराळ आला, उरलेले पैसे अजून यायचे आहेत. आता त्या एक पानाचा करार केल्याशिवाय संगणक उघडत नाहीत. त्यात काय काय असतं? कामाची यादी, निम्मी रक्कम आगाऊ, दुरुस्त्यांच्या दोन फेऱ्या आणि त्यापुढे तासावर आकार, पैसे देण्याची तारीख, आणि काम अर्ध्यावर थांबवलं तर किती द्यायचे ते. नदीपलीकडे न्यूयॉर्क शहरात २०१७ पासून आणि २८ ऑगस्ट २०२४ पासून साऱ्या न्यूयॉर्क राज्यात याबद्दल कायदाच आहे. ८०० डॉलर्स किंवा अधिक रकमेचं काम असेल तर लेखी करार हवा, आणि करारात तारीख नसेल तर काम पुरं झाल्यापासून तीस दिवसांत पैसे द्यायला हवेत.

तिसरी गोष्ट कराची. नोकरदाराच्या पगारातून कर परस्पर कापला जातो, स्वतंत्र कारागिराचा कोणी कापत नाही. प्राप्तिकराखेरीज स्वयंरोजगाराचा १५.३ टक्के कर असतो. तो निव्वळ नफ्याच्या ९२.३५ टक्के भागावर लागतो. म्हणजे २०,००० डॉलर्स नफ्यावर सुमारे २,८२६ डॉलर्स. पहिल्या वर्षी ताईंना हे एप्रिलमध्ये कळलं आणि भारताची तिकिटं रद्द करावी लागली. कराचे हप्ते साधारणपणे १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर आणि १५ जानेवारीला भरायचे असतात. संयुक्त विवरणपत्र भरणाऱ्यांना एक सोपी वाटही आहे : नोकरी करणाऱ्या जोडीदारानं डब्ल्यू-४ अर्ज बदलून पगारातूनच थोडा जास्त कर कापून घ्यायचा. आणि ग्राहकानं १०९९ अर्ज पाठवला नाही तरी ते उत्पन्न दाखवावंच लागतं.

चौथी गोष्ट ऐकून मी चकित झाले. आपल्या मंडळाचं बोधचिन्ह, जे या पानाच्या डोक्यावर छापलं आहे, ते कोणाचं? मी म्हटलं, मंडळाचं. ताई म्हणाल्या, "कागद दाखवा." कागद नाही! अमेरिकन कायद्यानुसार स्वतंत्र कलाकारानं केलेल्या कामाचा कॉपीराइट, लेखी हस्तांतर केलं नसेल तर, सर्वसाधारणपणे त्याच्याकडेच राहतो. पैसे मोजले म्हणून तो आपोआप आपला होत नाही. नोकर आणि स्वतंत्र कारागीर यांतला हा फरक सर्वोच्च न्यायालयानं १९८९ सालीच स्पष्ट केला आहे. म्हणून करारात एक ओळ हवी : पूर्ण पैसे मिळाल्यावर हक्क ग्राहकाकडे जातील. दोघांचीही सोय होते.

आता कोणी म्हणेल, हल्ली पत्रक मशीनच काढून देतं, माणूस कशाला? माझाही तोच प्रश्न होता. ताईंनी गेल्या वर्षी एकानं उत्साहानं घरीच केलेलं पत्रक दाखवलं. पडद्यावर झेंडूसारखं केशरी, पण हा अंक निघतो झेरॉक्स यंत्रावर, त्यामुळे केशरी पार्श्वभूमी आणि लाल अक्षरं दोन्ही एकाच करड्या रंगाची झाली आणि तारीख कोणाला वाचता आली नाही. पडद्यावर प्रकाश मिसळतो, कागदावर शाई प्रकाश शोषते. हे मी विद्यार्थ्यांना शिकवलं आहे, पण पत्रक मंजूर करताना मला आठवलं नाही.

आणि आपली देवनागरी! जुन्या फॉन्टमधला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडला की रोमन अक्षरांची खिचडी होते. इनडिझाइनमध्ये योग्य कंपोझर निवडला नाही तर वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते आणि जोडाक्षरं फुटतात. ताई युनिकोड वापरतात. मुंबईच्या एक टाइप या मंडळींचे मुक्त परवान्याचे मुक्त आणि बलू हे फॉन्ट त्यांच्या आवडीचे. मराठी अचूक बसवणारी डिझायनर इथल्या केटरर्सना, नृत्यशाळांना, देवळांना लागतेच, आणि त्यावर आता ताईंचा जम बसतो आहे. सध्या त्यांचे सात ग्राहक आहेत. त्यांत मराठी दोनच. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते खोटं नाही.

लहानपणी रविवारच्या वर्तमानपत्रात नाटकांच्या जाहिराती पाहिलेल्या आठवतात? त्यांतली कित्येक शीर्षकं कमल शेडगे यांच्या हातची. २०२० साली ते गेले. ती अक्षरं पाहूनच नाटक गंभीर की विनोदी ते कळायचं. आपल्याला नाटकाचं नाव, नटाचं नाव पाठ. अक्षर काढणाऱ्याचं नाव किती जणांना ठाऊक होतं?

मंडळ ढोलवाल्यांना पैसे देतं, सभागृहाला देतं, केटररला देतं, झेरॉक्सच्या दुकानालाही देतं. त्या कागदावर जे छापलं आहे ते करणारीला मात्र आपण "आपलीच आहे" म्हणतो. आपलेपणा द्यायचा की घ्यायचा, याचा विचार मी त्या चहानंतर बरेच दिवस केला. सेवा आनंदानं करावी, मीही करते, हे सदर त्यातलंच. पण ज्यावर माझं पोट चालतं ते रसायनशास्त्र मला कोणी फुकट मागत नाही.

ताईंचं बिल चुकतं झालं आहे. मी त्यांची माफीही मागितली. त्यांनी ती हसून घेतली, पण यंदाच्या पत्रकासाठी अजून हो म्हटलेलं नाही. येत्या सर्वसाधारण सभेत मी ठराव मांडणार आहे : अंदाजपत्रकात डिझाइनसाठी वेगळी रक्कम ठेवावी, काम देताना एक पानाचा करार करावा आणि बोधचिन्हाचे हक्क रीतसर विकत घ्यावेत. मतभेद असतील तर सभेला येऊन जरूर मांडा. सभेची सूचना शेवटच्या पानावर आहे. ती या खेपेला मीच घरी बसून तयार केली. पाच मिनिटांचं काम म्हणून बसले होते, रात्रीचा दीड वाजला. वेलांटी कुठे चुकली असेल तर सांभाळून घ्या.