ज्या नियमांवर मुलं आली

सप्टेंबर 2025 मध्ये माझ्या भाचीला तीस वर्षं पूर्ण झाली. कॅनडात किचनरच्या तिच्या बेसमेंटमध्ये आम्ही केक कापला. मग तिने फोनवर एक्स्प्रेस एंट्रीचं, म्हणजे गुणांवर पीआरसाठी (कायमच्या वास्तव्यासाठी) निवड करणाऱ्या यंत्रणेतलं, प्रोफाइल उघडून माझ्यापुढे धरलं. आदल्या दिवशी 530 असलेला स्कोअर 525 झाला होता, कारण तीस पूर्ण झाली की वयाचे पाच गुण जातात. त्या महिन्यात कॅनडातला कामाचा अनुभव असलेल्यांच्या ड्रॉचा कटऑफ 534 होता. “काल चारने राहिले होते मावशी, आज नऊने,” एवढंच म्हणाली आणि ताटल्या आवरायला लागली.

नाशिकहून ती 2021 मध्ये आली. दोन वर्षांचा डिप्लोमा, मग तीन वर्षांचं वर्क परमिट, पहिल्या महिन्यापासून कर भरत केलेली नोकरी. तिच्यासारख्या मुलांविषयी आज कॅनडात एक वाक्य सगळीकडे ऐकू येतं: शिकायला आलात, शिकून झालं, आता परत जा, पीआरचा वायदा कोणी केला होता? टीव्हीवरच्या चर्चेत हे ऐकलं तर मी समजू शकते. पण गणपतीच्या आरतीला जमलेली, माझ्यासारखीच विद्यार्थी म्हणून येऊन इथे स्थिरावलेली माणसं हेच बोलतात, तेव्हा गप्प बसवत नाही.

पहिला आरोप लबाडीचा. मुलांनी शिक्षणाचं नाव पुढे केलं आणि मनात कायम राहणं ठेवलं, असा. पण कायदाच वेगळं सांगतो. कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या 22 व्या कलमात स्पष्ट म्हटलंय, की कायमचं राहण्याचा इरादा असला म्हणून कोणी तात्पुरत्या परवान्याला अपात्र ठरत नाही. मुदत संपल्यावर तो परत जाईल एवढी अधिकाऱ्याची खात्री पटली पाहिजे. म्हणजे दोन्ही इरादे एका मनात असू शकतात, हे या देशाने गृहीतच धरलंय. ज्या इच्छेला कायद्याने जागा दिली, तिला लबाडी कसं म्हणायचं?

दुसरा आरोप, वायद्याचा. लेखी हमी कोणालाच नव्हती, हे मला पूर्ण मान्य आहे. पीआर हा हक्क नाही. पण सरकार फक्त हमीपत्रातूनच बोलतं का? 2008 मध्ये कॅनेडियन एक्स्पिरियन्स क्लास सुरू केला, तो इथे शिकलेल्या आणि काम केलेल्या माणसांना राहता यावं म्हणूनच. 2014 च्या धोरणात 2022 पर्यंत साडेचार लाखांहून अधिक परदेशी विद्यार्थी आणण्याचं उद्दिष्ट लिहिलं, आणि ते मुदतीच्या कितीतरी आधी ओलांडलं. पुढे पीआरच्या गुणांत कॅनडातल्या शिक्षणाचे वेगळे 15 किंवा 30 गुण घातले. फेब्रुवारी 2021 मध्ये एकाच ड्रॉमध्ये 27,332 जणांना बोलावलं, कटऑफ होता 75! त्याच वर्षी मे महिन्यात इथे शिकलेल्यांसाठी 40,000 जागांची खास योजना काढली. ती उघडल्यावर जेमतेम एका दिवसात भरली. 2021, 2022 आणि 2023 अशी तीन वर्षं संपत आलेली वर्क परमिटं वाढवून दिली. माझ्या भाचीने कागद भरले ते यातलं बरंचसं समोर दिसत असताना. बँकेत जाऊन वडिलांनी घर तारण ठेवलं तेही याच भरवशावर. रस्ता आखून, त्यावर पाट्या लावून, दिवे लावून ठेवल्यावर ‘इकडून या असं आम्ही म्हटलंच नव्हतं’, हे सरकारच्या तोंडी शोभत नाही.

घरांचा मुद्दा मात्र खोटा नाही. 2023 च्या अखेरीस इथे दहा लाखांहून जास्त स्टडी परमिटधारक होते, आणि भाडी कुठे जाऊन पोहोचली ते मी रोज बघते. पण इतकी मुलं आणली कोणी? ऑन्टॅरिओच्या सरकारने 2019 मध्ये स्थानिक विद्यार्थ्यांची फी 10 टक्क्यांनी उतरवली आणि तिथेच गोठवली. कॉलेजांचा तो खड्डा भरला कितीतरी पट फी भरणाऱ्या परदेशी मुलांनी. भाचीच्या बेसमेंटमध्ये सुरुवातीला चार मुली होत्या, एका खोलीत दोन गाद्या. घरटंचाईने त्यांनाही तितकंच भरडलं. जानेवारी 2024 मध्ये नव्या स्टडी परमिटांवर मर्यादा घातली, त्याला माझा विरोध नाही. घरात जागा नसेल तर नवा पाहुणा बोलावू नये. पण जो बोलावल्यावर आला, पानावर बसला, त्याला भरल्या ताटावरून उठवणं ही निराळी गोष्ट आहे.

आणि झालं तेच. 2019 मधले बहुतेक ड्रॉ साडेचारशे ते पावणेपाचशेच्या आत असायचे. 2025 मध्ये कॅनडातल्या अनुभवाचा कटऑफ पाचशेच्या खाली आलाच नाही. पीआरच्या जागा 2025 साठी आधी पाच लाख ठरल्या होत्या, त्या 3,95,000 केल्या. नोकरीच्या ऑफरचे 50 गुण 25 मार्च 2025 रोजी काढून टाकले. ऑफर लेटरं विकली जात होती, म्हणून. ती विकली जात होती हे खरंच आहे. पण भाचीच्या कंपनीने तिच्यासाठी एलएमआयएचे, म्हणजे परदेशी माणूस नोकरीवर घेण्याच्या मंजुरीचे, कागद जमवायला घेतले होते, एक पैसा न मागता. विकणाऱ्यांना पकडण्याऐवजी रांगेतल्या सगळ्यांचेच गुण पुसले.

मी 2009 मध्ये इथे शिकायला आले. अट साधी होती: इथलं शिक्षण, इथे केलेलं एक वर्षाचं कुशल काम, भाषा. अट पुरी केली, अर्ज केला, पीआर मिळाला. कोणाशी शर्यत नव्हती. भाची माझ्यापेक्षा हुशार आहे, तिचं इंग्रजी माझ्याहून सफाईदार, आणि काम तिने माझ्या दुप्पट वर्षं केलंय. माझ्या पिढीने ‘आम्ही मेहनतीने मिळवलं’ म्हणताना एवढं तरी आठवावं. मेहनत होतीच, पण वाटेत कोणी नियम बदलला नव्हता.

एजंटांची बाजू मी घेणार नाही. ‘दोन वर्षं शिका, पीआर पक्का’ म्हणत पुण्या-नाशकात फायली घेणारी माणसं आईबापांच्या घरावर कर्ज चढवून मोकळी झाली, आणि आईबापांनीही विचारायला हवे होते ते प्रश्न विचारले नाहीत. म्हणूनच माझं मागणं सरसकट सगळ्यांना पीआर द्या, असं नाही. ते छोटं आहे. ज्याला ज्या तारखेला स्टडी परमिट मिळालं, त्याला त्या तारखेचे नियम लागू करा. ज्यांनी इथे शिकून कुशल कामाचं एक वर्ष पुरं केलं, त्यांच्यासाठी वेगळी रांग आणि ठरलेल्या जागा ठेवा, त्यांची परमिटं संपेपर्यंत. नव्याने येणाऱ्यांना पहिल्याच दिवशी खरं सांगा, मग ते कितीही कडू असो.

हे अशक्य आहे, असं सांगणाऱ्यांनी सरकारचेच कागद वाचावेत. वर्क परमिटसाठी ठरावीक विषयच शिकलेले असले पाहिजेत हा नियम आणला, तेव्हा तो 1 नोव्हेंबर 2024 पासून स्टडी परमिटचा अर्ज करणाऱ्यांनाच लावला, आधीच्यांना वगळलं. मॅनिटोबात परमिटं संपून माणसं अडकली, तर मे 2024 मध्ये सुमारे 6,700 जणांना तिथेच काम करत राहण्याची सोय केली. तत्त्व माहीत आहे, यंत्रणाही आहे. नोव्हेंबर 2025 च्या अर्थसंकल्पात 33,000 वर्क परमिटधारकांना दोन वर्षांत लवकर पीआर देण्याची घोषणा झाली, पण दहा लाखांना बोलावणाऱ्या देशाने एवढ्यावर थांबू नये.

भाची आता संध्याकाळी फ्रेंचच्या क्लासला जाते, त्याचे 50 गुण मिळू शकतात म्हणून. फ्रिजवर मॅग्नेटखाली तिने दोन तारखा लिहिल्यात. एक परीक्षेची. दुसरी ऑक्टोबर 2026 मधली, परमिट संपण्याची.